पाण्यात किती गेले, बाहेर किती आले?

मागच्या अंकात मी समुद्रातल्या स्टँड अप पॅडलबोर्डिंगच्या शर्यतींत स्वयंसेवक म्हणून केलेल्या कामाविषयी लिहिलं होतं. लांबट बोर्डवर उभं राहायचं आणि एकाच पात्याच्या उंच वल्ह्याने समुद्र कापत जायचं, अशी ही शर्यत. ती पाहायला किनाऱ्यावर गर्दी जमते, पण ती पार पाडणाऱ्या माणसांची चौकशी कुणी करत नाही, असं मी त्यात म्हटलं होतं. तुम्ही केलीत. पत्रांचा ढीग पाहून मला भरून आलं. एकसारखे प्रश्न एकत्र करून शक्य तितक्यांना इथे उत्तर देते आहे.

प्रश्न: मी ६२ वर्षांचा आहे. आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं. पोहता येत नाही आणि आता शिकेन असं वाटत नाही. तुमचा लेख वाचल्यापासून अशा शर्यतीत मदत करावीशी वाटते. पण पोहता न येणाऱ्याचा तिथे काय उपयोग? उगाच अडचण व्हायची.

तुम्ही हिशेब तपासत होतात हे वाचून मला फार बरं वाटलं. या शर्यतीतलं सगळ्यांत जोखमीचं काम मोजणीचं आहे, आणि ते कोरड्या वाळूवर उभं राहूनच करायचं असतं.

रस्त्यावरच्या शर्यतीत एखादा दमला तर कडेला बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतो. समुद्राला कड नसते. बोर्डवरून पडलेल्या माणसाचं फक्त डोकं पाण्यावर राहतं, आणि गुडघाभर उंचीची लाट मध्ये आली तरी ते दिसेनासं होतं. म्हणून शर्यत सुरू असेपर्यंत कुणीतरी एका प्रश्नाचं उत्तर दर क्षणी तयार ठेवावं लागतं: पाण्यात किती गेले, बाहेर किती आले, आणि राहिले ते नेमके कोण? बोटीवरच्या माणसाला हे सांगता येत नाही. त्याला त्याच्यापुढचा समुद्राचा तुकडा तेवढा दिसतो. उत्तर असतं वहीवाल्याकडे.

आता ही मोजणी कुठे करायची? नावनोंदणीच्या टेबलावर तर मुळीच नाही. नावं शंभर असतील. त्यातले सहाजण आलेच नसतील, दोघांनी लाटा पाहून ऐनवेळी माघार घेतली असेल. खरा आकडा मिळतो तो पाण्यात उतरण्याच्या वाटेवर. दोन दोरांच्या मधून अरुंद वाट ठेवायची, प्रत्येकाने तिथूनच उतरायचं, आणि दोन बाजूंना उभं राहून दोघांनी वेगवेगळं मोजायचं. दोघांचे आकडे जुळेपर्यंत सुरुवातीचा भोंगा वाजू द्यायचा नाही. उशीर होतो म्हणून स्पर्धक कुरकुरतील. कुरकुरू द्या.

नोंद शिसपेन्सिलीने करा. बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही, आणि शाईवर एक शिंतोडा उडाला की नंबर गेला. अंतिम रेषेवर एकाने फक्त नंबर मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने मान वर न करता लिहायचं. वाचणाऱ्याने लिहायला घेतलं की मधल्या वेळात दोघंजण रेषा ओलांडून गेलेले असतात. शेजारी एक मोबाइल तिवईवर लावून सलग चित्रण चालू ठेवलं तर गोंधळ झाला तरी मागे जाऊन पाहता येतं.

आणि एक खास आपल्या भाषेपुरती गोष्ट. वॉकीटॉकीवर ‘एकोणसत्तर’ म्हणू नका, ‘सहा-नऊ’ म्हणा. वाऱ्यात ‘एकोण’ तेवढं ऐकू येतं आणि पुढचं उडून जातं. एकोणसाठ, एकोणसत्तर आणि एकोणऐंशी हे तिघे पाण्यावर असताना कोण थांबलं आणि कोण चालू आहे याचा नुसता घोळ होतो. एकेक अंक सुटा बोलायचा, ऐकणाऱ्याने तो परत म्हणून दाखवायचा. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून बोलायला सुरुवात करायची, नाहीतर पहिला अंक कापला जातो.

याबाबतीत मी इतकी काटेकोर का झाले ते सांगते. तिसऱ्या की चौथ्या वर्षी मी अंतिम रेषेवर होते. एक स्पर्धक बराच वेळ आला नव्हता. त्याच्या ओळखीचा एकजण पळत आला आणि म्हणाला, ‘तो तिकडे खाली बाहेर पडला, मी पाहिलं.’ मी त्या नंबरापुढे खूण केली. पाहिलेला माणूस दुसराच होता, फक्त अंगातला शर्ट त्याच रंगाचा. ज्याच्यापुढे मी खूण केली होती तो सगळ्यांत लांबच्या बोयाच्या, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्याही पलीकडे, दमून बोर्डवर पालथा पडलेला होता, आणि माझ्या वहीमुळे त्याला शोधायला कुणी निघालेलं नव्हतं. शेवटच्या स्पर्धकांच्या मागून येणाऱ्या बोटीच्या चालकाने आपणहून एक जास्तीची फेरी मारली म्हणून तो सापडला. किनाऱ्यावर आल्यावर तो आम्हा सगळ्यांना थँक्यू म्हणत फिरला. मला त्याच्याकडे पाहवेना.

तेव्हापासून माझा नियम ठरला आहे. माणूस माझ्या डोळ्यांसमोर उभा आहे, अंगावरचा नंबर मी स्वतः वाचला आहे, तरच खूण. ‘अमक्याने सांगितलं’ याला माझ्या वहीत रकाना नाही. हिशेब तपासणाऱ्या माणसाला हे मी काय समजावणार! तुम्ही नक्की या.

प्रश्न: ताई, मी १७ वर्षांची आहे, अकरावीपासून पोहण्याच्या स्पर्धांत भाग घेते. मला किनाऱ्यावर वह्या सांभाळायच्या नाहीत, पाण्यात बचावाचं काम करायचंय. थेट बोटीवर घेतील का?

तुझा उत्साह समजतो मला. तरी खरं सांगते, निवड माझ्याकडे असती तर पहिल्या वर्षी मी तुला बोटीवर घेतलं नसतं. तू पोहण्यात कमी आहेस असं नाही. पण चांगलं पोहणाऱ्याला आधी वाटतं की उडी मारावी, आणि बचावाच्या कामात उडी ही सगळ्यांत शेवटची गोष्ट असते. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरून खाली दाबतो. आधी हाक मारून त्याला त्याच्याच बोर्डकडे वळवायचं, मग दोर किंवा तरंगणारं काही फेकायचं, मग बोट किंवा बोर्ड जवळ न्यायचा. जीवरक्षकाचं रीतसर प्रशिक्षण घे, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय थांबल्यावर छाती दाबून श्वास देण्याची रीत) शिक. ते येईपर्यंत तुला एक काम सुचवते, जे पाण्याच्या काठावर आहे आणि बोटीवरच्या कामाइतकंच जीव वाचवतं: लीश तपासण्याचं.

लीश म्हणजे स्पर्धक आणि बोर्ड यांना जोडणारा दोर. बोर्ड हा त्या माणसाचा सगळ्यांत मोठा तरंगता आधार असतो, आणि वरून बघणाऱ्याला पाण्यात दिसणारी सगळ्यांत मोठी खूणही तोच. वारा असेल तर सुटलेला बोर्ड पोहणाऱ्याच्या हाती लागत नाही, तुझ्यासारखीच्यासुद्धा नाही. हवा भरलेले बोर्ड वजनाला हलके, ते तर पाण्यावरून पत्त्यासारखे उडतात. म्हणून भोंग्याआधी प्रत्येकाच्या घोट्यावरचा पट्टा स्वतःच्या हाताने ओढून पाहायचा. नुसतं ‘लीश आहे ना?’ विचारलंस तर सगळेच हो म्हणतात. बोर्डच्या टोकाला जिथे ती बांधलेली असते ती बारीक दोरीही बघ, झिजते ती तीच. सपाट पाण्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळलेली लीश चालते, ती पाण्यात फरफटत नाही. लाटा फुटत असतील तिथे सरळ लीश बरी, कारण गुंडाळलेली ताणली गेली की बोर्ड झटक्यात माणसावर परत येतो. आणि मार्ग खाडीच्या तोंडातून, खांबांमधून किंवा नांगरलेल्या होड्यांच्या दोरांमधून जात असेल तर घोट्याची लीश घातक ठरू शकते. ती खांबात अडकली आणि प्रवाह जोराचा असला तर माणूस वाकून घोट्यापर्यंत पोचूच शकत नाही. तिथे कमरेला बांधायची, एका हिसक्यात सुटणारी लीश लागते. असा घोट्याचा पट्टा दिसला तर वाद घालत बसू नकोस, सरळ सुरक्षाप्रमुखाला बोलाव.

लाइफ जॅकेटचंही बघ. २००८ साली अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ठरवलं की लाटांवर खेळण्याच्या आणि पोहण्याच्या पट्ट्याबाहेर गेलं की पॅडलबोर्ड हे ‘जलवाहन’ आहे, म्हणजे त्यावर जॅकेट हवंच. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा असेल, पण त्यामागचं कारण समुद्र कुठलाही असो, लागू पडतं. कमरेला बांधायच्या फुगणाऱ्या जॅकेटमध्ये वायूचं नळकांडं नीट आवळलेलं आहे का, हे पाहायला लोक विसरतात.

पुढे बोटीवर गेलीस की दोन गोष्टी. माणसाजवळ पोचलं की इंजिन बंद, पंखा फिरता कामा नये. आणि रिकामा बोर्ड तरंगताना दिसला तर तो उचलून बोटीत टाकून पुढे जायचं नाही. रिकामा बोर्ड म्हणजे कुठेतरी एक माणूस पाण्यात आहे. ताबडतोब कळवायचं: कुठे सापडला, किती वाजता, त्यावरचा नंबर काय. तो माणूस मिळेपर्यंत ती नोंद उघडी राहते.

प्रश्न: मागच्या वर्षी आम्ही पहाटे उठून गेलो. समुद्र आरशासारखा शांत, ऊन छान, आणि संयोजकांनी लांबची शर्यत रद्द करून किनाऱ्यालगतच्या छोट्या फेऱ्या ठेवल्या. सगळे नाराज झाले. आम्हा स्वयंसेवकांनाही कारण धड सांगता येईना. एवढं घाबरण्यासारखं काय होतं?

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘वारा होता पण पाठीमागून, जमिनीकडून येत होता.’ तेच कारण.

जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या वाऱ्याला आपल्याकडे मतलई म्हणतात आणि समुद्रावरून येणाऱ्याला खारा. रात्री जमीन पाण्यापेक्षा लवकर निवते म्हणून पहाटे मतलई वाहतो. दिवसा जमीन तापली की वारा फिरतो. खाऱ्या वाऱ्याने समुद्र खवळलेला दिसतो, लोक आपोआप सावध होतात, आणि वल्हं हातातून गेलं तरी वारा माणसाला किनाऱ्याकडेच ढकलतो. मतलई याच्या उलट. किनाऱ्याजवळ लाटा उठायला त्याला अंतरच मिळत नाही, म्हणून पाणी गुळगुळीत. झाडं आणि टेकड्या आड असतात म्हणून वाळूवर उभ्या माणसाला जोरही कळत नाही. अर्धा किलोमीटर आत गेलं की आडोसा संपतो. उभा माणूस म्हणजे वाऱ्यासाठी एक शीड आहे. जाताना तो स्वतःवर खूश असतो, किती वेगाने चाललोय म्हणून. वळून परत यायला लागला की वल्हं मारूनही जागचा हलत नाही.

अशा वेळी गुडघ्यांवर बसायचं, तेही जमेना तर पालथं पडून हातांनी पाणी मारायचं. शरीर खाली गेलं की वाऱ्याला धरायला कमी जागा मिळते. हे सुरुवातीच्या सूचनांमध्ये सांगितलं जातं का, याकडे स्वयंसेवकाने कान ठेवावा. नसेल सांगितलं तर हात वर करून आठवण करावी.

मला स्वतःला मतलई असताना लांबची शर्यत घेणारा संयोजक नको वाटतो. रद्द करणाऱ्याबद्दल मला आदरच आहे. जमलेल्या लोकांसमोर नाही म्हणायला धैर्य लागतं.

भरती-ओहोटीचंही असंच. दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात. म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा-सव्वासहा तास, आणि पाणी त्या तासांत एकसारखं चढत किंवा उतरत नाही. खलाशांचा एक ढोबळ हिशेब आहे: पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि शेवटी एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं, आणि प्रवाहही तेव्हाच जोरात असतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा सगळंच जास्त. सकाळी सातला टाकलेला बोया दहा वाजता भलतीकडे दिसतो तो यामुळे: दोर ओहोटीच्या खोलीला पुरेल एवढाच सोडला असेल तर भरतीत बोया नांगर उचलून चालायला लागतो, आणि फार लांब सोडला असेल तर ओहोटीत मोठ्या वर्तुळात भटकतो. बोयावर नेमणूक झाली असेल तर किनाऱ्यावरच्या दोन पक्क्या खुणा एका रेषेत धरून ठेवा, म्हणजे एक झाड आणि त्यामागचा मनोरा. रेष मोडली की बोया सरकला. लगेच कळवा.

सगळ्या शर्यती एका साच्यातल्या नसतात, हेही लक्षात ठेवा. हवाई बेटांमध्ये मोलोकाईहून ओआहूला जाणारी शर्यत काईवीची सामुद्रधुनी ओलांडते, ३२ मैल, म्हणजे सुमारे ५१ किलोमीटर. तिथे स्पर्धकासोबत सोबतीची बोट असावी लागते. बोयांभोवती फेऱ्या मारायच्या शर्यतीत दोन-तीन बोटी सगळ्यांवर लक्ष ठेवतात. लांबची शर्यत घ्यायची असेल तर तेवढ्या बोटी हव्यात. त्या नसतील तर सकाळ कितीही सुंदर असो, फेऱ्यांवर येणंच योग्य.

प्रश्न: मी वळणाच्या बोयाजवळ कयाकमध्ये होतो. एका स्पर्धकाने बोया चुकीच्या बाजूने घेतला. मी ओरडून त्याला बाद झाल्याचं सांगितलं. नंतर मलाच बोलणी बसली. माझं काय चुकलं?

डोळ्यांनी पाहिलंत ते बरोबर, तोंडाने निकाल दिलात ते चुकलं. बोयावरच्या माणसाने नंबर, वेळ आणि काय घडलं एवढं लिहायचं. ‘चार-दोन, नऊ वाजून अठरा मिनिटं, दुसरा बोया उजव्या खांद्याला ठेवायचा होता, डाव्याला ठेवून गेला.’ निर्णय पंचांचा. कदाचित तो परत फिरून बोया बरोबर घेणार होता. ती संधी पुष्कळ ठिकाणी असते. तुमच्या ओरडण्याने तो शर्यत सोडून भलतीकडेच निघाला असता तर माझ्यासारखीच्या वहीत आणखी एक कोडं उभं राहिलं असतं.

नियमही ठिकाणाप्रमाणे बदलतात. दुसऱ्याच्या बोर्डमागच्या पाण्याचा फायदा घेत चिकटून जाण्याला ड्राफ्टिंग म्हणतात. त्याने कष्ट बरेच वाचतात. कुठे ते चालतं, पण आपल्याच गटातल्या आणि त्याच प्रकारच्या बोर्डमागे. बाईने पुरुषामागे केलं तर दंड. कुठे ते अजिबात चालत नाही. हा खेळ कुणाच्या छत्राखाली असावा यावर इंटरनॅशनल सर्फिंग असोसिएशन आणि इंटरनॅशनल कनू फेडरेशन यांच्यात वाद होता. २०२० मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ऑलिंपिक पातळीवरचा अधिकार सर्फिंगवाल्यांना दिला आणि स्पर्धा भरवायची मुभा दोघांनाही ठेवली. पहिल्या संघटनेची जागतिक स्पर्धा २०१२ पासून होते, दुसरीची २०१९ पासून. त्यामुळे ‘मला नियम माहीत आहेत’ असं धरून चालू नये. सकाळी विचारावं: आज कुठली नियमावली, आणि तिच्यातलं काय बदललंय?

प्रश्न: एका शर्यतीत मला सकाळी सहा ते दुपारी तीन एकाच जागी उभं केलं. पाणी विचारायला कुणी आलं नाही, बदली नाही. शेवटी चक्कर आली. परत जावं का?

तुमच्यावर अन्याय झाला, यात शंका नाही. आणि तो फक्त तुमच्यापुरता नव्हता. नऊ तास उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेवर पाण्यातल्या लोकांचा जीव अवलंबून होता, हे त्या संयोजकांच्या ध्यानात आलं नाही. लाटांच्या चकाकीत एकटक पाहिलं की दोन तासांत नजर थकते. डोळे उघडे असतात पण दिसत नाही.

परत जा, पण त्याच ठिकाणी जायलाच हवं असं नाही. जिथे जाल तिथे आधी फोनवर विचारा: एका जागी किती वेळ? बदली कोण देणार? सावली आणि पाणी कुठे? मला काही झालं तर मी कुणाला कळवायचं? या प्रश्नांना जो कंटाळेल त्याच्याकडे जाऊ नका. मी स्वतः आता दोन तासांच्या वर एका जागी राहत नाही, आणि माझ्या हाताखालच्यांना राहू देत नाही.

प्रश्न: सोबत काय न्यावं?

बाह्या असलेला शर्ट, दोर लावलेली टोपी, पोलराइज्ड चष्मा (पाण्यावरची चकाकी कमी होते आणि नंबर दिसतात), शिट्टी, दोन शिसपेन्सिली, घड्याळ, भरपूर पाणी, आणि ओल्या पायांत टिकणाऱ्या चपला. मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. बाकी तिथे मिळतं.

प्रश्न: मी मधल्या बोयावर असते. काहीजण फार दमलेले दिसतात, पण विचारलं की अंगठा वर करून ‘ओके’ म्हणतात. जबरदस्तीने बाहेर काढता येतं का? आणि कधी काढायचं हे ओळखायचं कसं?

अंगठ्यावर कधीच विसंबू नका. अंगठा सवयीने वर होतो. मी तोंडाने उत्तर द्यावं लागेल असा प्रश्न विचारते: ‘तुमचा नंबर काय? पुढे कुठल्या बाजूला वळायचंय?’ उत्तर लगेच आणि बरोबर आलं तर जाऊ देते. एकदा एका बाईंनी नंबर सांगितला, स्पष्ट आवाजात, हसून, पण तो त्यांचा नंबर नव्हता. छातीवर दुसराच होता. कडक ऊन होतं. मी बोटीला बोलावलं आणि त्यांना सावलीत घेतलं. त्या रागावल्या होत्या. अर्ध्या तासाने त्यांना मी कोण हेही आठवत नव्हतं.

उन्हात बोलणं विसंगत होणं, चिडचिड, तोल जाणं ही शरीर आतून तापल्याची खूण असते. तेव्हा थांबायचं नाही: सावली, अंगावर पाणी, वारा, आणि वैद्यकीय मदत. थंड पाण्याच्या ठिकाणी उलटं पाहायचं: थरथर, जड जीभ, वल्हं धरता न येणारी बोटं. थंड पाण्यातल्या धोक्यांवर काम करणारे १-१०-१ असा आकडा लक्षात ठेवतात: पडल्यावर पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणण्याचं, त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ती साधारण १० मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे १ तास. म्हणजे बोट उशिरा आली तर माणूस जिवंत असेल, पण फेकलेला दोर त्याला धरता येणार नाही. यापेक्षा साधी लक्षणं तुम्हाला बोयावरूनच दिसतील. सारखा एकाच बाजूने वल्हं मारतोय, दर पाच-सहा फटक्यांनी गुडघ्यावर येतोय, पडल्यावर चढायला आधीपेक्षा जास्त वेळ घेतोय. तीनदा पडला तर त्याचा नंबर कळवून ठेवा, पुढच्या बोयावरचा त्याची वाट पाहील.

जबरदस्तीचा अधिकार सुरक्षाप्रमुखाचा असतो, आणि तो आहे हे स्पर्धकांना सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. तुमचा अधिकार बोलावण्याचा. तो वापरायला कचरू नका. दहा वेळा उगाच बोलावलंत तरी तुम्हाला कुणी बोलता कामा नये, आणि बोललं तर माझ्याकडे पाठवा.

प्रश्न: शेवटचे दोन-तीन स्पर्धक फार मागे असतात. तोवर बक्षीस समारंभ सुरू होतो, मंडप निघायला लागतो, आणि अंतिम रेषेवरच्या आम्हा दोघींना वाटतं की आपणही जावं. किती वेळ थांबायचं?

वही बंद होईपर्यंत.

मला माहीत आहे, त्या वेळी किती एकटं वाटतं. मागे टाळ्या वाजत असतात, समोर रिकामा समुद्र, आणि त्यात मुंगीएवढा एक ठिपका. पण पहिला आलेला तासाभरात पोचला असेल तर हा माणूस तितक्याच पाण्यावर दोन तास उभा आहे. वारा याच वेळी वाढलेला असतो, अंगातली ताकद संपलेली असते आणि आजूबाजूला दुसरा बोर्ड नसतो. बुडण्याचा धोका ज्याला सगळ्यांत जास्त, त्याच्याकडे बघायला सगळ्यांत कमी डोळे उरलेले असतात. मागून येणारी बोट त्याच्या मागेच राहायला हवी, शेजारी नाही. तिच्या लाटेने तो पडतो. आणि ती बोट आत आल्याशिवाय एकही बोया उचलायचा नाही. मी एकदा पाहिलं आहे, शेवटची बाई वळणाच्या ठिकाणी पोचली आणि तिथे बोयाच नव्हता. ती तशीच सरळ जात राहिली.

म्हणून मैत्रिणीला सांगा, पाणी पिऊन ये, मग तुम्ही जा, पण रेषेवर एकीने राहायचंच. तो ठिपका माणसाएवढा झाला की उठून उभ्या राहा. वाळूला बोर्ड लागला की पाय लटपटतात, उतरताना पडतात लोक. कोपराला हात द्या. मग त्याच्या अंगावरचा नंबर स्वतः वाचा, मोठ्याने, मैत्रिणीने लिहू दे. सकाळच्या वाटेवरचा आकडा काढा, माघार घेतलेल्यांची यादी काढा, दोघींनी वेगवेगळी बेरीज करा. जुळली तर वॉकीटॉकीवर सांगा: ‘अंतिम रेषा. सगळे बाहेर.’ पलीकडून तेच शब्द परत ऐकू येईपर्यंत बटणावरचं बोट तयार ठेवा.